टुपायाचे उपकार

गेल्या वर्षभरात आमच्या घरात एका जनावराचं नाव इतक्या वेळा निघालं, की शेजाऱ्यांना तो आमचा कुणी परगावचा पाहुणा वाटला असेल. टुपाया. खारीएवढा, खारीसारखाच दिसणारा, पण खार नसलेला प्राणी. इंग्रजीत त्याला ट्री श्रू म्हणतात. शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं तर 'झाडावरची चिचुंद्री' होईल, पण तो चिचुंद्रीही नाही. मलय भाषेत खारीला 'तुपाई' म्हणतात, त्यावरून शास्त्रज्ञांनी टुपाया हे नाव उचललं. आम्हीही तेच वापरतो.

हे नाव घरात आलं ते आजाराच्या वाटेनं. आमच्या भाच्याला कुवेतची नोकरी लागली होती. कोकणातल्या मुसलमान घरांना यात काही नवीन नाही. दर दोन-तीन घरांमागे एक माणूस आखातात असतोच. कागदपत्रं झाली, मेडिकल झालं आणि रिपोर्टवर 'अनफिट' असा शेरा आला. रक्तात हेपॅटायटिस बी. पोराला कसला त्रास नव्हता. ताप नाही, कावीळ नाही, भूक चांगली. आखाती देशांच्या तपासणीत हा विषाणू सापडला की व्हिसा मिळत नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. बाकीचं वाचून घेतलं. आमच्यातली एक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, दुसरा बँकेतून. वाचायला वेळ होता.

नोकरी गेली त्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते पुढच्या रमजानमध्ये. एका नातेवाइकांकडे इफ्तार होती. दस्तरखान अंथरलेला, चौघाचौघांत एक मोठा थाळा. कुणी काही बोललं नाही. फक्त भाच्यापुढे वेगळी थाळी आणि वेगळा ग्लास आला. त्यानं खजूर उचलला, दुआ म्हटली, रोजा सोडला आणि मगरिबनंतर काम असल्याचं सांगून निघून गेला.

म्हणून आधी हेच लिहून टाकतो. हेपॅटायटिस बी एका थाळ्यात जेवल्यानं होत नाही. मुसाफहा केल्यानं, गळाभेट घेतल्यानं, खोकल्या-शिंकल्यानं, एका हौजावर वजू केल्यानं होत नाही. तो रक्तातून पसरतो, पती-पत्नीच्या संबंधातून पसरतो आणि बाळंतपणात आईकडून बाळाला मिळतो. तेव्हा वेगळं ठेवायचं ते ताट नव्हे. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. हिजामा करून घेणाऱ्यांनी पातं नवं आहे का, हे डोळ्यांनी पाहावं. खतन्याची हत्यारं, कान टोचायची सुई, सगळ्यांना हाच नियम. आणि याची लस आहे. मोठ्या माणसांना तीन डोस: पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत. हे 24 तास फार महत्त्वाचे, कारण मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिकांचं शरीर विषाणूला हुसकावून लावतं. तान्ह्या बाळाला झाली तर शंभरातल्या नव्वदांच्या शरीरात तो मुक्कामच ठोकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2022 साली जगात 25 कोटी 40 लाख लोक हा विषाणू अंगात घेऊन जगत होते. त्यातले जवळजवळ 3 कोटी आपल्या देशातले. म्हणजे त्या इफ्तारच्या दस्तरखानावर भाच्याशिवाय आणखी कुणी असेल आणि त्याला पत्ताही नसेल, असं सहज होऊ शकतं.

आता टुपायाकडे येतो. भाच्यानं एकदा विचारलं, "मामी, हा विषाणू रक्तातून सगळीकडे फिरतो ना? मग लिव्हरमध्येच का घुसतो? डोळ्यांत, हृदयात, मेंदूत का नाही?" प्रश्न साधा, पण याचं उत्तर जगातल्या कुणाकडेही 2012 सालापर्यंत नव्हतं. विषाणू 1960 च्या दशकात सापडला, तो शोधणाऱ्या बरूक ब्लूमबर्ग यांना 1976 साली नोबेल मिळालं, लस आली, गोळ्या आल्या. पण तो यकृताच्या पेशीत कोणत्या दारानं शिरतो, हे कुणाला सापडत नव्हतं. अडचण अशी, की हा विषाणू फार निवडक. उंदराला होत नाही, घुशीला होत नाही, सशाला होत नाही. माणसाला होतो आणि चिंपांझीला होतो. चिंपांझीवर किती प्रयोग करणार? माणसाच्या यकृताच्या जिवंत पेशी ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यातून मिळतात, त्याही काचेच्या बशीत ठेवल्या की थोड्याच दिवसांत निकामी होतात. 1990 च्या दशकात युरोपातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की टुपायाच्या यकृतपेशींना हा विषाणू लागतो. एवढ्या सगळ्या छोट्या जनावरांत हाच एक.

हा प्राणी आहे तरी कसा? दक्षिण-पूर्व आशियाच्या जंगलांत राहतो, तिथून चीनच्या युन्नानपर्यंत. त्याचा एक दूरचा भाऊबंद आपल्याकडेही आहे, दक्षिण भारतापासून सातपुड्यापर्यंतच्या रानात. अनाथना असं त्याचं शास्त्रीय नाव. बराच काळ शास्त्रज्ञ टुपायाला माकडांच्या कुळात धरत होते. मेंदू आणि डोळे तसे वाटले म्हणून. पुढे त्याच्या बाळंतपणाचा अभ्यास झाला आणि मत बदलायला लागलं. टुपायाची आई पिलांना वेगळ्या घरट्यात ठेवते आणि दोन दिवसांतून एकदा येते. काही मिनिटं भरपूर दूध पाजते की परत दोन दिवस फिरकत नाही. पिलाला छातीशी धरून हिंडणाऱ्या माकडिणीशी याचं नातं जुळेना. आता त्यांचं स्वतःचं वेगळं कुळ मानतात, पण जनुकांच्या हिशेबात ते उंदरापेक्षा आपल्याला जवळचे ठरतात, असं युन्नानमधल्या कुनमिंगच्या संशोधकांनी 2013 मध्ये त्यांचा जनुकसंच वाचून सांगितलं.

कुनमिंगवाल्यांनीच आणखी एक गंमत शोधली. टुपाया मिरची खातो. उंदीर मिरचीपासून दूर पळतो, पण टुपाया मजेत चघळतो. तिखट लागण्याचं जे दार आपल्या जिभेवर असतं, त्यात त्याच्याकडे एक छोटासा बदल आहे, त्यामुळे त्याला तिखटाची आग फारशी जाणवत नाही. आमच्या कोल्हापूरच्या जावईबापूंना हे वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, त्याला एकदा आमच्याकडे जेवायला बोलवा. आणि मलेशियात टुपायाचाच एक पिसासारख्या शेपटीचा चुलतभाऊ रोज रात्री एका ताडजातीच्या झाडाचा आंबलेला मध पितो. चांगलीच ताडी म्हणा ना. पण त्याला चढत मात्र नाही. त्याच्यावर गुनाह कसला, जनावरच ते!

तर बेजिंगमध्ये वेनहुई ली नावाच्या शास्त्रज्ञानं टुपायाच्या यकृतपेशी घेतल्या. विषाणूच्या अंगावरचा जो भाग पेशीला पहिल्यांदा भिडतो, त्याची छोटी नक्कल त्यांनी प्रयोगशाळेत बनवली. ती अशी बनवली, की विशिष्ट प्रकाश पडताच जिला चिकटली असेल त्या वस्तूला कायमची धरून ठेवेल. गळाला आमिष लावावं तसं. आमिष पेशींवर सोडलं, प्रकाश टाकला आणि ओढून पाहिलं. गळाला लागली एक प्रथिनाची रचना, शास्त्रात तिला एनटीसीपी म्हणतात. तिचं खरं काम वेगळंच. यकृत पित्त तयार करतं, ते आतड्यात जाऊन चरबी पचवतं, आणि पित्तातले क्षार वाया जाऊ नयेत म्हणून रक्तातून परत यकृतात येतात. ते परत आत घेणारा दरवाजा म्हणजे ही एनटीसीपी. तो दरवाजा यकृताच्याच पेशींना असतो. विषाणू त्याच दरवाजानं घुसतो. नोव्हेंबर 2012 मध्ये हे छापून आलं. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच: बाबा रे, डोळ्याला आणि हृदयाला तो दरवाजाच नाही.

यातून पुढे दोन गोष्टी झाल्या. एक, हायडेलबर्गचे स्टेफान उर्बान ज्या औषधावर आधीपासून काम करत होते, ते नेमकं कोणतं कुलूप बंद करतं हे कळलं. बुलेव्हर्टाइड त्याचं नाव. युरोपात 2020 मध्ये त्याला परवानगी मिळाली, हेपॅटायटिस डी साठी. तो डी विषाणू बी च्याच खांद्यावर बसून येतो आणि त्याच दारानं शिरतो. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. दरवाजा कळल्यावर शास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना बसवला आणि त्या पेशींना विषाणूची लागण होऊ लागली. आता जगभरच्या प्रयोगशाळा बशीतल्या या पेशींवर काम करतात. म्हणजे या एका कामापुरती टुपायाची गरज टुपायानंच बरीच कमी करून टाकली.

इथपर्यंत वाचून आम्ही दोघं खूश होतो. मग त्याचं दुसरं प्रकरण वाचलं आणि घरात वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही.

1970 च्या दशकात डीट्रिश फॉन होल्स्ट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं टुपायाच्या नरांवर काम केलं. दोन अनोळखी नर एका पिंजऱ्यात सोडले की झुंज होते. थोड्या वेळात एक जिंकतो, एक हरतो. जखमा फारशा नसतात. मग मध्ये जाळी घालून त्यांना वेगळं करतात. जिंकलेला हरलेल्याला आता चावू शकत नाही. पण हरलेल्याला तो दिसत राहतो. हरलेला कोपऱ्यात बसतो, हलत नाही, वजन घटत जातं आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो मरतो. मूत्रपिंड निकामी होतं. मध्ये जाळीऐवजी आरपार न दिसणारा पडदा घातला तर मात्र तो सावरतो. त्याच्या मनावरचा ताण मोजायचं मापही या माणसानं शोधून काढलं होतं: शेपटीचे केस. ताण आला की ते फुलारतात, दिवसातून किती वेळ फुलारलेले आहेत ते मोजायचं. पुढे गटिंगेनच्या संशोधकांनी अशाच हरलेल्या नरांना नैराश्यावरचं औषध देऊन पाहिलं. ते लगेच लागू पडलं नाही, माणसात लागतात तसेच काही आठवडे लागले.

आमच्यातल्या विज्ञानवालीचं म्हणणं असं, की यातून फार मोठी गोष्ट कळली. मनाचा मार शरीराला मारतो, आणि तो मार बसायला दात लागत नाहीत, नजर पुरते. ज्यांना नैराश्य म्हणजे नखरे वाटतात त्यांच्यापुढे ठेवायला हा पुरावा आहे. आणि ती वेगळी थाळी आठवा, असंही ती म्हणते. बँकवाल्याचं म्हणणं, हे कळायला एक जीव कोपऱ्यात बसून मरताना रोज त्याची शेपटी मोजायची गरज होती का? आपल्या मोहल्ल्यात डोळे उघडून पाहिलं असतं तर कळलं नसतं? लस शोधणं वेगळं, औषध शोधणं वेगळं. हे मात्र त्याला पटत नाही.

आमच्या दीनमध्ये याबद्दल काय आहे, हे शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. कुरआनात जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या प्रत्येक जिवाला माणसासारखीच एक उम्मत म्हटलं आहे. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस घराघरात सांगतात. जनावराच्या डोळ्यांदेखत सुरीला धार लावणाऱ्याला प्रेषितांनी (स.) टोकलं. जिवंत प्राण्याला बांधून नेमबाजीचं निशाण करायला मनाई केली. पक्षिणीची पिलं उचलून आणणाऱ्यांना ती परत ठेवायला लावली. दुसऱ्या बाजूला, अल्लाहनं असा आजार पाठवला नाही ज्याचा इलाज पाठवला नाही, हेही प्रेषितांनीच (स.) सांगितलं, मग इलाज शोधणं हे आलंच. उलेमांचा 'जरूरत'चा नियम आपल्याला माहीत आहे: एरवी मना असलेल्या गोष्टीला निकडीत मुभा मिळते, पण निकड जेवढी, मुभाही तेवढीच. आमच्या मशिदीच्या मौलानांना विचारलं तेव्हा त्यांनीही हाच धागा धरला. आजार खरा हवा, दुसरा मार्ग नसावा, वेदना कमीत कमी आणि जीव घ्यायचाच तर झटकन. शेपटी मोजण्याच्या प्रयोगावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, कयामतच्या दिवशी बिनशिंगी बकरीलाही शिंगवाल्या बकरीकडून तिचा हक्क मिळवून दिला जाईल.

त्यावर आमच्यात पुन्हा उंदराचा मुद्दा निघाला. उंदीर तर हदीसमध्ये अशा पाच जनावरांत आहे, ज्यांना हरमच्या हद्दीतही मारायला परवानगी आहे. धान्य नासतो, आग लावतो. मग प्रयोगात उंदीर वापरला तर काय बिघडलं? आम्हाला वाटतं, मारायची परवानगी म्हणजे छळायची परवानगी नव्हे. एका नबींना एक मुंगी चावली, त्यांनी सगळं वारूळ जाळलं, तेव्हा अल्लाहनं त्यांना विचारलं की एका मुंगीपायी अख्खी उम्मत जाळलीस? मुंगी! तिच्याहून लहान आता काय घ्यायचं?

लहान असण्याची ही गोष्ट कायद्यातही दिसते, पण उलटी. आपल्याकडचा 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांसाठी समिती नेमायला सांगतो, भूल द्यायला सांगतो, आणि कलम 17 मध्ये असंही सांगतो की गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर यांच्यावर काम भागत असेल तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग टाळावेत. हेतू चांगलाच असणार. अमेरिकेच्या कायद्यात तर प्रयोगासाठी पैदास केलेल्या उंदरांना 'प्राणी' या व्याख्येतूनच वगळलं आहे. म्हणजे जीव जेवढा लहान तेवढा त्याच्यावर भार जास्त. घरातही तसंच असतं म्हणा, पाण्याचा ग्लास आणायला नेहमी धाकट्यालाच उठवतात.

या धाकट्यांची यादी मोठी आहे. आपल्या मोरीतून रात्री चिंचिं करत जाणारी चिचुंद्री घ्या. उंदराला उलटी होत नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. चिचुंद्रीला होते. म्हणून जपानमध्ये 1980 च्या दशकापासून तिला प्रयोगशाळेत पाळून, केमोथेरपीनं होणाऱ्या उलट्या थांबवणारी औषधं तिच्यावर तपासली गेली. वूडचक नावाच्या अमेरिकन बिळवासी प्राण्याला हेपॅटायटिस बी च्या सख्ख्या भावंडासारखा एक विषाणू होतो, हे 1978 मध्ये कळलं. हेपॅटायटिसवर आज देतात ती एंटेकाव्हिरची गोळी या वूडचकवर तपासलेली आहे. आणि मुंबईचा गिनीपिग. प्लेगच्या दिवसांत, 1903 साली, मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातले गिनीपिग पटापट मेले, आणि त्यांच्या अंगावर डॉ. लिस्टन यांना उंदरांच्या पिसवा मिळाल्या. मग गिनीपिगच पिसवांचा सापळा म्हणून प्लेगच्या खोल्यांत सोडले गेले, आणि प्लेग उंदराकडून पिसवेमार्फत माणसात येतो, हे परळच्या प्रयोगशाळेत पक्कं होत गेलं. त्याच प्लेगवर हाफकिन यांनी लस बनवली होती, आधी सशांवर आणि मग 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. लोक लसीला घाबरत होते, तेव्हा तिसऱ्या आगाखानांनी स्वतः चारचौघांत ती टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. लसीबद्दल आजही कुणी मोहल्ल्यात काही पसरवायला लागलं की आम्ही हा किस्सा सांगतो.

आमची भाची फार्मसीला आहे. तिच्या आधीच्या पिढीतल्या मुलांना वर्गात बेडूक आणि ससे हाताळावे लागत. ती बरंचसं कॉम्प्युटरवर शिकते. नव्या औषधासाठी जनावरांऐवजी मानवी पेशींवरच्या चाचण्या चालतील, अशी दुरुस्ती आपल्या सरकारनं 2023 मध्ये नियमांत केली, ही बातमी तिनंच आणली. विज्ञानवालीला वाटतं, यकृताचं दार सापडलं तसं एकेक दार सापडत जाईल आणि पिंजरे रिकामे होत जातील. बँकवाला म्हणतो, रिकामे होईपर्यंतचा हिशेब कुणाच्या खात्यावर?

भाच्याच्या लिव्हरचे रिपोर्ट चांगले आहेत. त्याला सध्या गोळी लागत नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी. लागलीच तर राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते, हेही ज्यांना गरज असेल त्यांनी लक्षात ठेवावं. त्याला पुण्यात काम मिळालं, निकाह ठरला. मुलीकडच्यांना त्यानं स्वतः रिपोर्ट दाखवला आणि आम्ही सोबत बसून दार, पित्त, टुपाया, सगळं समजावलं. मुलीच्या वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं, लसीचे तीन डोस कुठे मिळतील ते विचारलं, आणि मग आमच्या सगळ्यांसाठी एकच मोठा थाळा मागवला.